पांढऱ्या लोंबीचे कोडे

दसऱ्याच्या सुट्टीनंतरची गोष्ट. पदार्थविज्ञानाचे प्रात्यक्षिक संपले, मुले वह्या आवरून निघाली. पण वैनगंगेच्या काठच्या एका खेड्यातून रोज सायकलने येणारा अकरावीचा एक विद्यार्थी मागे रेंगाळला. त्याने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या धानाच्या चार-पाच लोंब्या काढून टेबलावर ठेवल्या. एरवी या दिवसांत लोंबी दाण्यांच्या भाराने वाकलेली असावयाची. या लोंब्या मात्र ताठ, पांढऱ्याफटक आणि हाताला हलक्या होत्या. दाणा नखाने दाबून पाहिला, तर आत काहीच नाही, नुसती टरफले.

“सर, हे पाहा ना जी,” तो म्हणाला. “आमच्या बांधीत जागोजागी अशा लोंब्या दिसतात. बाबांनी काल उधारीवर औषध आणून फवारलं. आता या लोंब्या भरतील का?”

विद्यार्थी मित्रहो, मी कीटकशास्त्राचा माणूस नव्हे. परंतु भंडारा जिल्ह्यात राहून धानाविषयी अगदीच अनभिज्ञ राहणे कोणालाच शक्य नाही. मी त्याला म्हटले, “उत्तर नंतर देतो. आधी त्यालाच विचारू.” प्रयोगशाळेतले ब्लेड घेऊन आम्ही एका लोंबीखालचे खोड उभे चिरले. पोकळ कांडीत ओलसर भुस्सा भरलेला होता. आणखी खाली, पेराजवळ, सुमारे दोन सेंटिमीटर लांबीची, फिकट पिवळी, तपकिरी डोक्याची एक अळी वळवळत बाहेर आली. लोंबीचे देठ आतून कुरतडून तुटले होते.

या अळीचे नाव खोडकिडा. ती ज्या पतंगाचे बाळरूप आहे, त्याचे सारे आयुष्य आज आपण पाहू या. ते पाहिले म्हणजे त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळेल. आणि तो प्रश्न महिनाभर आधी विचारला असता तर काय करता आले असते, तेही कळेल.

धान हेही गवतच

पावसाळ्यात धुऱ्यावरून चालत गेलात तर पावलागणिक गवतातून लहान लहान, मातकट रंगाचे पतंग उडतात आणि चार हातांवर पुन्हा गवताच्या पात्याला चिकटून बसतात. पंख अंगाशी घट्ट मिटलेले, तोंडापुढे चोचीसारखे टोक. बसला की तो पतंग आहे की वाळलेल्या पात्याचा तुकडा, हे ओळखू येत नाही. शास्त्रज्ञ यांच्या कुलास ‘क्रँबिडी’ म्हणतात. साध्या भाषेत ‘गवत-पतंग’ म्हणावे. यांतील पुष्कळांच्या अळ्या गवताची पाने, मुळे किंवा खोडे खाऊन वाढतात. कोणाच्या ते ध्यानातही येत नाही.

आता धान म्हणजे तरी काय? तेही एक गवतच. ऊस, ज्वारी, बांबू, दूर्वा आणि धान ही सारी एकाच तृणकुलातील भावंडे. माणसाने हे एक गवत निवडले, त्याच्यासाठी जमीन सपाट केली, बांध घातले, तलाव खोदले. भंडारा जिल्ह्यातले जुने मालगुजारी तलाव याच गवतासाठी बांधलेले आहेत. म्हणजे आपण मैलोगणती पसरलेले, एकाच जातीचे, भरपूर पाणी आणि खत मिळणारे कुरण तयार केले. या कुलातील एका पतंगाने नेमके हेच कुरण आपले घर म्हणून धरले. पिवळा खोडकिडा रानातल्या इतर गवतांवर सहसा जगत नाही. त्याचे अन्न म्हणजे धान आणि धानाचे रानटी सोयरे. फ्रान्सिस वॉकर या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १८६३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. त्याचे आजचे शास्त्रीय नाव ‘सिर्पोफॅगा इन्सर्ट्युलस’.

टिकली आणि लव

मादी पतंग ओळखायला सोपी. पंख तणसाच्या रंगाचे, पिवळसर. आणि पुढच्या प्रत्येक पंखाच्या मधोमध एकच ठसठशीत काळा ठिपका. नर आकाराने लहान, रंगाने मळकट. त्याच्या पंखावर बारीक, पुसट ठिपके असतात. ही मंडळी दिवसा चुडात दडून बसतात आणि अंधार पडला की उडतात. पतंगाचे आयुष्य चार दिवसांपासून फार तर दहा दिवसांचे. त्या अवधीत तो काही खात नाही. अळीपणी साठवलेल्या चरबीवरच त्याचा गुजारा चालतो. तेव्हा पीक खातो तो पतंग नव्हे, हे आधी लक्षात ठेवा.

मादी धानाच्या पात्याच्या शेंड्याकडे अंडी घालते. एकेक सुटे नव्हे, तर पन्नास ते दीडशे अंड्यांचा पुंज. पोटाच्या टोकाला असलेली पिवळट-तपकिरी लव ती त्यावर पसरते. दिसायला तो पात्यावर चिकटलेल्या मखमली टिकलीसारखा दिसतो. ही लव म्हणजे अंड्यांचे पांघरूण. ऊन, पाऊस आणि शत्रू यांपासून ती थोडाफार बचाव करते. उबेप्रमाणे पाच ते नऊ दिवसांत अंडी फुटतात.

धागा, वारा आणि होडी

नुकती जन्मलेली अळी जेमतेम दीड मिलिमीटर लांब असते, डोके काळे. एका पुंजातून शंभर अळ्या निघाल्या आणि साऱ्या एकाच चुडात राहिल्या, तर सर्वांची उपासमार व्हायची. कारण साधारणतः एका खोडात एकच अळी नांदते. तेव्हा पांगणे भाग आहे. पण दीड मिलिमीटरच्या जिवाने पांगायचे कसे?

इथे पदार्थविज्ञान तिच्या मदतीला येते. अळी तोंडातून रेशमाचा बारीक धागा सोडते आणि पात्यावरून लोंबकळते. वाऱ्याची झुळूक आली की धाग्यासकट उडून शेजारच्या चुडावर जाते. वस्तू जितकी लहान, तितके तिच्या वजनाच्या मानाने पृष्ठफळ मोठे, हा नियम तुम्ही शिकला आहात. लांबी दहापट कमी केली तर वजन हजारपट कमी होते, पण पृष्ठफळ शंभरपटच कमी होते. म्हणून हत्तीला वारा हलवू शकत नाही. अळीला आणि तिच्या धाग्याला मात्र तो सहज उचलतो.

थोडी मोठी झालेली अळी याहून गमतीची युक्ती करते. ती पात्याच्या तुकड्याच्या दोन्ही कडा जुळवून स्वतःभोवती नळी तयार करते, ती नळी पात्यापासून सुटते आणि खाली बांधीतल्या पाण्यावर पडते. मग ही होडी तरंगत तरंगत दुसऱ्या चुडाला लागते. तिथे उतरून अळी खोडाला भोक पाडते व आत शिरते.

हा प्रवास संपेपर्यंत अळी उघड्यावर असते. पानाच्या आवरणामागे दोन-तीन दिवस कोवळे खाऊन ती एकदा कांडीत शिरली, की तिची गाठ पडणे कठीण.

पोकळ कांडीतला महिना

धानाची कांडी पोकळ का असते? तेवढ्याच द्रव्याचा भरीव दांडा केला तर तो बारीक होईल आणि लवकर वाकेल. नळी केली तर ती जास्त ताठ राहते. सायकलची चौकट नळ्यांची असते, ती याच कारणाने. निसर्गाने धानाला कमी खर्चात ताठ उभे राहता यावे म्हणून दिलेली ही सोय अळीला आयते घर ठरते. आत शत्रू पोचत नाही, ऊन लागत नाही, आणि भिंत हेच अन्न! असे सुमारे महिनाभर खाऊन, पाच-सहा वेळा कात टाकून ती पूर्ण वाढते.

तिने केलेले नुकसान पीक कोणत्या वयात आहे त्यावर ठरते, आणि हा भेद फार महत्त्वाचा आहे.

रोवणीनंतर धान फुटवे काढत असताना अळी आत शिरली, तर ती मधला कोवळा पोंगा कुरतडते. पोंगा पिवळा पडून वाळतो. ओढला की सहज हातात येतो आणि त्याचे खालचे टोक चावलेले दिसते. याला ‘गाभेमर’ म्हणतात. मात्र या वयात धानाच्या अंगी भरून काढण्याची शक्ती असते. एक फुटवा गेला, तर चूड दुसरा काढतो. थोडीशी गाभेमर दिसली म्हणून घाबरण्याचे कारण नसते.

परंतु धान पोटरीवर आल्यावर अळी शिरली, तर ती लोंबीचे देठच आतून तोडते. मुळांकडून येणारे पाणी आणि पानांकडून येणारी साखर यांची वाट बंद होते. लोंबी बाहेर पडते खरी, पण रिकामी, पांढरी, ताठ. हीच ‘पळींज’. नवी लोंबी काढायला आता चुडाजवळ वेळ उरलेला नसतो. शंभर-दीडशे दाण्यांची एक लोंबी गेली ती गेलीच.

खिडकी राखणारी अळी

पूर्ण वाढलेली अळी खोडाच्या खालच्या भागात उतरते आणि पांढऱ्या रेशमाच्या अस्तरात कोष करते. पण त्याआधी ती एक दूरदर्शीपणाचे काम करते. अळीजवळ कुरतडायला दात आहेत. पतंगाजवळ ते नसणार. मग पतंग बाहेर पडणार कसा? म्हणून कोषात जाण्यापूर्वीच अळी कांडीच्या भिंतीला भोक पाडून ठेवते आणि त्यावर जाळीचा पातळ पडदा तेवढा राखते. सहा ते बारा दिवसांनी पतंग त्या खिडकीतून बाहेर येतो.

अंड्यापासून पतंगापर्यंतचा हा फेरा साधारण दीड ते दोन महिन्यांत पुरा होतो. जिथे खरिपाबरोबर उन्हाळी धानही होते, तिथे वर्षाकाठी जास्त पिढ्या निपजतात. आणि शेतात धानच नसले तर? कापणीनंतर पूर्ण वाढलेल्या अळ्या जमिनीलगतच्या धसकटांत शिरून निद्रिस्त होतात. खाणे नाही, हालचाल नाही. ओल आणि ऊब परत आली की जाग्या होऊन कोष करतात. आपल्याकडे पुष्कळ शेतकरी उभ्या धानातच लाखोरी, जवस यांचा उतेरा टाकतात. त्यामुळे कापणीनंतर लगेच नांगरट होत नाही आणि धसकटे तशीच राहतात. उतेऱ्याचे पीक तर गरजेचे आहे. म्हणून त्याच्या कापणीनंतर उन्हाळ्यात नांगरट करून धसकटे वेचणे अधिकच महत्त्वाचे ठरते. धान कापताना विळा जमिनीलगत चालवला, तरी खालच्या पेरातल्या बऱ्याच अळ्या खोडासोबत निघून येतात.

उबेची बेरीज

वर मी अंड्याला ‘पाच ते नऊ दिवस’ असे म्हटले, ते तुम्हांस मोघम वाटले असेल. पण त्यात एक नियम आहे. कीटक थंड रक्ताचे प्राणी. त्यांच्या शरीराचे तापमान हवेबरोबर बदलते, आणि वाढीचा वेग तापमानावर अवलंबून असतो. एका ठरावीक तापमानाच्या खाली वाढ थांबते. त्याच्यावर, एका मर्यादेपर्यंत, जितके अंश जास्त तितकी वाढ जलद.

हिशेब समजावा म्हणून काही सोयीचे आकडे घेऊ. समजा, वाढ १५ अंशांखाली थांबते आणि अंडे फुटायला ७५ ‘अंश-दिवस’ ऊब लागते. हवेचे सरासरी तापमान ३० अंश असेल, तर रोज १५ अंश-दिवस जमा होतील आणि अंडे ५ दिवसांत फुटेल. सरासरी २५ अंश असेल, तर रोज १० च जमा होतील आणि साडेसात दिवस लागतील. म्हणजे कीटकाचे घड्याळ दिवस मोजत नाही, ऊब मोजते. पोस्टाच्या खात्यात रोज थोडे पैसे टाकावे आणि ठरलेली रक्कम पुरी झाली की वस्तू घ्यावी, तसाच हा प्रकार. शाळेत कमाल-किमान तापमापी असेल, तर हा हिशेब तुम्हीही ठेवू शकता.

दिव्याकडे पतंग का येतो?

आता मुख्य मुद्दा. या कीटकाच्या दीड-दोन महिन्यांच्या आयुष्यात तो उघड्यावर केव्हा असतो? पतंग असताना काही दिवस, अंडे असताना आठवडाभर, आणि अंड्यातून निघून कांडीत शिरेपर्यंत थोडे दिवस. बाकी सारा काळ तो खोडाच्या भिंतीआड. फवाऱ्याचे थेंब पानांवर पडतात; कांडीतल्या अळीपर्यंत ते सहसा पोचत नाहीत. म्हणून पतंग केव्हा उडाले हे कळणे, ही साऱ्या उपायांची किल्ली आहे. आणि ते कळण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे दिवा.

दिव्यावर पतंग झेपावतो, यावर कवींनी बरेच लिहिले. शास्त्रज्ञही पुष्कळ दिवस तर्कच करीत होते. एक जुना तर्क असा की, पतंग चंद्राशी ठरावीक कोन राखून सरळ उडतो. चंद्र पावणेचार लाख किलोमीटरांहून दूर असल्याने त्याचे किरण समांतर येतात, म्हणून हे जमते. दिवा जवळ असल्याने तोच कोन राखता राखता पतंग सर्पिल मार्गाने दिव्यावर येऊन आदळतो. भूमितीच्या दृष्टीने कल्पना सुंदर होती. परंतु २०२४ साली सॅम्युएल फेबियन, यश सोंधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी टिपलेली कीटकांची उड्डाणे प्रसिद्ध केली, तेव्हा वेगळेच दिसले. कीटक सरळ दिव्याकडे जात नव्हते. ते दिव्याकडे पाठ करीत होते! दिव्याच्या बाजूने जाताना त्यांची पाठ दिव्याकडे कलायची आणि ते त्याभोवती घिरट्या घालायचे. दिव्याच्या वरून जाताना काही तर चक्क उलटे होऊन खाली पडायचे.

असे का? उडताना ‘वर’ कोणते आणि ‘खाली’ कोणते हे कळणे आवश्यक असते. आपल्याला ते गुरुत्वाकर्षणामुळे कळते. पण बादलीत पाणी घेऊन ती गरगर फिरवा. बादली उलटी झाली तरी पाणी सांडत नाही. त्या पाण्याच्या दृष्टीने ‘खाली’ म्हणजे बादलीचा तळ! झपाट्याने वळणाऱ्या चिमुकल्या कीटकाचीही हीच अडचण आहे. वेगबदलामुळे बसणारा रेटा कोणता आणि खरे वजन कोणते, हे त्याला वेगळे करता येत नाही. म्हणून कोट्यवधी वर्षांपूर्वीपासून कीटकांनी एक सोपा नियम धरला: जिकडे उजेड जास्त, तिकडे ‘वर’. रात्रीही आकाश जमिनीहून उजळ असते, तेव्हा नियम बरोबर चालला. माणसाने जमिनीजवळ दिवा लावला आणि कीटकाचे ‘वर’ चुकले. पतंग दिव्यावर प्रेम करीत नाही. तो बिचारा वाट चुकतो.

चंद्राचा गोंधळ

शेतात दिवा टांगून पतंग मोजू लागलात, तर एक गोष्ट दिसेल. पौर्णिमेच्या सुमारास दिव्यावर पतंग कमी येतात. मग शेतातले पतंग कमी झाले असे समजायचे का? मुळीच नाही! हा हिशेब करून पाहा.

९ वॉटचा एलईडी दिवा साधारण ८०० ल्युमेन प्रकाश देतो. तो सर्व बाजूंस सारखा पसरतो असे धरले, तर ८०० ला ४π ने भागून सुमारे ६४ कँडेला येतात. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. निरभ्र पौर्णिमेचे चांदणे सुमारे पाव लक्स असते. तेव्हा १६ मीटर अंतरावर ६४ भागिले २५६, म्हणजे पाव लक्स. तिथे दिवा आणि चंद्र सारखेच. अमावास्येच्या रात्री नुसत्या ताऱ्यांचा उजेड सुमारे लक्सचा हजारावा भाग असतो. त्याच्याशी तुमचा दिवा सुमारे २५० मीटरपर्यंत बरोबरी करील. पतंग प्रत्यक्षात किती अंतरावरून येतो, ते यावरून ठरत नाही. पण तोच दिवा अमावास्येला किती ‘मोठा’ आणि पौर्णिमेला किती ‘लहान’ असतो, ते मात्र स्पष्ट दिसते. उपकरणाचा आकडा वाचताना पार्श्वभूमी विसरू नये, हा प्रयोगशाळेतला धडा शेतातही लागू पडतो. म्हणून वहीत रोज तिथीही लिहा.

दिव्याची वही

हा प्रयोग कोणत्याही शाळेला करता येईल. एक घमेले घ्या, त्यात पाणी आणि थोडा साबण घाला. पतंगाच्या पंखांवरील खवल्यांना पाणी चिकटत नाही, म्हणून साध्या पाण्यावर तो तरंगून निसटू शकतो. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि तो बुडतो. घमेल्यावर हातभर उंचीवर बॅटरीचा दिवा टांगा. विजेच्या तारेचा दिवा ओल्या शेतात पाण्यावर मुळीच टांगू नका. शेतात रात्री एकट्याने जाऊ नका. सोबत घरचे मोठे माणूस आणि हातात टॉर्च हवाच. घरामागच्या बांधीचा धुरा असेल तर उत्तम.

दिवेलागणीपासून तीन तास दिवा ठेवून मग बंद करा. रात्रभर ठेवला, तर खोडकिड्याचे शत्रू असलेले उपकारक कीटकही नाहक मरतात. सकाळी काळ्या ठिपक्याच्या माद्या तेवढ्या मोजा. वहीत तारीख, तिथी, पाऊस, कमाल-किमान तापमान आणि माद्यांची संख्या लिहा. हंगामभर दिवा तोच, जागा तीच, वेळ तीच ठेवा. मग आलेख काढा. आलेखाने एकदम उसळी घेतली, की समजावे: अंडी घातली जात आहेत, आणि सुमारे आठवड्याने अळ्या उघड्यावर येतील.

आता उपायाला दिशा मिळते. पात्यांच्या शेंड्यांवर मखमली टिकल्या शोधा, तोडून नष्ट करा. रोवणीच्या वेळी पऱ्ह्यांचे शेंडे खुडून रोवले, तर शेंड्यांवरची अंडी शेतात जाण्याआधीच दूर होतात. या अंड्यांचे निसर्गात शत्रूही आहेत. ट्रायकोग्रामा ही एका मिलिमीटरहूनही लहान गांधीलमाशीची बहीण पतंगाच्या अंड्यात आपले अंडे घालते. अळीऐवजी माशीच बाहेर येते. धान्याच्या कोठारातल्या एका पतंगाच्या अंड्यांवर प्रयोगशाळेत या माश्या वाढवून ‘ट्रायकोकार्ड’ तयार करतात. एका पतंगाच्या अंड्यांनी दुसऱ्या पतंगावर मात! मात्र कार्ड अंडी दिसू लागताच लावले पाहिजे. अळी खोडात गेल्यावर ते निरुपयोगी. टेट्रास्टिकस नावाची दुसरी एक माशी तर आपल्या एका पिलासाठी या पुंजातली अनेक अंडी फस्त करविते. अवेळी केलेल्या फवारणीत हे मित्र आधी मरतात.

फवारणी कधीच करू नये असे नाही. एका चौरस मीटरात एक अंडीपुंज किंवा शंभरात पाच फुटवे गाभेमरीचे दिसले, तर कृषी खात्याचा सल्ला घेऊन ती करावी, असा संकेत आहे. भंडारा जिल्ह्यात साकोली येथे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे, आणि राज्य शासनाचा ‘क्रॉपसॅप’ हा कीड-सर्वेक्षणाचा प्रकल्प २००९ पासून चालू झाला. विचारायला जागा आहेत. पण विष हे विषच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ज्या फवारणीने कीडच मरणार नाही, तिच्यासाठी पैसा आणि जीव धोक्यात घालण्यात काय हशील?

त्या मुलाचे उत्तर

आता आपण त्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. पांढऱ्या लोंब्या औषधाने भरतील का? नाही. अळी कांडीच्या आत आहे, तिथे औषध सहसा पोचणार नाही. आणि अळी मेली तरी तुटलेले देठ जुळणार नाही. पांढरी लोंबी ही आजची घटना नव्हेच. आज रात्री दिसणारा तारा जसा कित्येक वर्षांपूर्वी निघालेल्या प्रकाशाने दिसतो, तशी ती तीन-चार आठवड्यांपूर्वीच्या एका अंधाऱ्या रात्रीची बातमी आहे. त्या रात्री पतंग उडाले होते. बातमी आपल्याला उशिरा कळली, इतकेच.

हे मी त्याला सांगितले, तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “म्हणजे बाबांचे पैसे वायाच गेले.” मी म्हटले, “हो. पण दुसऱ्यांदा फवारू नका, हे आज घरी सांग. पुढचे तरी वाचतील. आणि कापताना विळा खाली चालवा.”

जाताना त्याने प्रयोगशाळेतून आलेखाच्या कागदाचे चार ताव मागून नेले. उन्हाळी धानाची रोवणी झाली की तो धुऱ्यावर दिवा टांगणार आहे. तुमच्या गावीही एखादा दिवा लागू द्या. एका शाळेच्या दोन वर्ग-खोल्यांनी दोन ठिकाणी दिवे लावून आलेख ताडून पाहिले, तर आणखी मजा. गणित, पदार्थविज्ञान, जीवशास्त्र आणि घरची शेती हे चारही विषय त्या एका घमेल्यात सापडतील.